राखून ठेवलेलं

आवाज बंद झाला तेव्हा इनासच्या लक्षात आलं की इतके दिवस घरात आवाज होता. दुपारचं जेवण आटोपून तो बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत पडला होता. पंखा फिरत होता, खालच्या गणपतीच्या कारखान्यात कुणीतरी पॉलिश पेपर घासत होतं, आणि स्वयंपाकघरातून जी एक घुरघुर सदानकदा घरभर वावरायची ती मध्येच थांबली, एखादं माणूस बोलता बोलता गप्प व्हावं तशी. आधी त्याला वाटलं वीज गेली. पण पंखा फिरतच होता. मग वाटलं आपल्याच कानाला काहीतरी झालं. या वयात कानांचा काय भरवसा. तो उठून आत गेला. फ्रीजचं खालचं दार उघडलं तर आतला दिवा लागला नाही. बटण खालीवर केलं, प्लग काढून घातला, फ्रीजच्या पाठीला हात लावून पाहिला. पाठ तापलेली होती, पण त्यात जीव नव्हता. मग त्यानं वरचं दार उघडलं. आतून गार वाफ त्याच्या चेहऱ्यावर आली आणि त्या वाफेमागे, रिकाम्या कप्प्यात, तो एकटा स्टीलचा डबा दिसला. झाकणावर हिमाचा पातळ थर होता. इनासनं झाकणावर बोट ठेवलं. बोटाखाली हिम विरघळलं आणि स्टील दिसलं, आणि मे महिन्याच्या त्या घामट दुपारी त्यानं घाईनं दार पुन्हा लावून घेतलं.

डब्यात जिताड्याचं कालवण होतं. जानेवारीत त्याची बायको जुस्तीन गेली, त्याच्या आदल्या दिवशी तिनं केलेलं. त्या रात्री दोघांनी एकेक तुकडा खाल्ला, आणि उरलेलं डब्यात भरताना ती म्हणाली, "हे रविवारी काढू. लागोपाठ मासे नकोत." सकाळी चहाचं आधण ठेवून ती ओट्याशी खाली बसली ती परत उठलीच नाही. रविवारी इनास दफनभूमीत ताज्या मातीच्या ढिगाजवळ उभा होता आणि लोक येऊन हात हातात घेत होते. वसईला दिलेली मुलगी, एल्मा, आठवडाभर राहिली. जाण्याआधी तिनं सगळं घर आवरलं, आईच्या साड्या दुमडून पेटीत घातल्या आणि फ्रीजर उघडून सहज म्हणाली, "पप्पा, हे टाकून देते हं." तेव्हा इनास तिच्यावर एवढ्या मोठ्यानं ओरडला की ती पोर दार उघडं टाकून गॅलरीत जाऊन उभी राहिली. त्यानंतर त्या डब्याचा विषय कुणी काढला नाही. तो डबा उघडायचा नाही, खायचा तर नाहीच. फक्त अधूनमधून वरचं दार उघडून तो आहे एवढं बघायचं. कधीकधी त्याला वाटायचं, सगळ्या घरात जुस्तीनच्या हातचं म्हणावं असं एवढंच उरलंय. बाकी सगळं तिनं वापरलेलं, पण हे तिनं केलेलं.

राखेच्या बुधवारी पेणच्या चर्चमधले नवे फादर मिस्सेच्या प्रवचनात जे बोलले होते ते त्याला आता आठवलं. फादर तरुण होते, बोलता बोलता चष्मा काढून घाम पुसायचे. मांस सोडणं आपल्याला आता जड जात नाही, ते म्हणाले होते, मांसाऐवजी आपण चांगली कोलंबी खातो. या उपवासकाळात घरातल्या सुखालाच थोडा उपास घडवून बघा. एसी थोडा कमी लावा. बाजारात चालत जा. आपण घरात गारवा घेतो तेव्हा आपली उष्णता कुणाच्या तरी खिडकीत सोडत असतो, ते कुणीतरी कोण आहे हे एकदा वाकून बघा. आणि फ्रीज उघडा. आत जे पडून आहे त्यातलं आपल्याला किती लागणार आहे आणि दुसऱ्याला किती लागलं असतं, ते देवाला सांगू नका, स्वतःलाच सांगा. मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं, "फादरच्या खोलीतला एसी कोण बंद करणार?" फादरांनी ते ऐकलं असावं, कारण पुढच्या रविवारी त्यांच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या दिसल्या. इनासला एसीचा उपास काहीच जड गेला नाही. जुस्तीन गेल्यापासून तो आतल्या खोलीत झोपतच नव्हता. फ्रीजही त्यानं रिकामा केला. जॅमच्या बाटल्या, मसाले, एल्मानं आणून ठेवलेलं चीज, सगळं जिना झाडायला येणाऱ्या बाईला दिलं. फक्त वरचा डबा त्यानं काढला नाही. ईस्टरच्या आधी कुमसार करायला, फादरांपुढे पापं कबूल करायला गुडघे टेकले तेव्हा सांगावं असं त्याच्या मनात आलंही होतं. पण हे दहांतल्या नेमकं कोणत्या आज्ञेखाली बसतं ते त्याला ठरवता येईना, आणि तो नेहमीचं, राग आला, प्रार्थना चुकली, एवढं सांगून उठला.

त्याच्या आईला ते ठरवता आलं असतं. मायला अशा गोष्टी लगेच कळायच्या. तो लहान असताना रोह्याला त्यांचं घर म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. पापा कोर्लईहून येऊन कंपनीत लागले होते. कंपनी नवी होती, तिच्याबरोबरचं सगळंच नवं होतं: भोंगा, शिफ्ट, खाकी कपडे, सायकलींची रांग. भिंतीला भिंत लागून गिरजाबाई राहायच्या, मूळच्या खांब गावच्या, त्यांचा नवराही त्याच कंपनीत. मायनं चुलीवरून कालवण उतरवलं की पहिलं ताट झाकून शेजारी जायचं. सोमवारी आणि गुरुवारी गिरजाबाई मासे खात नसत; त्यांचे वार, त्यांच्या चतुर्थ्या मायला आपल्या सणांइतक्या पाठ होत्या. शुक्रवारी आपल्याकडे मटण शिजत नाही हे गिरजाबाईंना ठाऊक होतं, आणि त्या दिवशी त्यांच्याकडून हमखास गावाकडच्या वालांचं बिरडं यायचं, वर ओलं खोबरं भुरभुरलेलं. इनासला अजूनही वालाचा तो किंचित कडवट वास आला की शुक्रवार वाटतो. रात्रीपर्यंत घरात काही उरायचं नाही. उरेल असं दिसलं की माय दारात उभी राहून हाक मारायची, आणि कुणी ना कुणी असायचंच. उरवणं म्हणजे काहीतरी चुकलं, हिशेब चुकला किंवा माणूस चुकला, असं तिच्या चेहऱ्यावर दिसायचं.

मग एका वर्षी पापांनी मुंबईहून टेम्पोत घालून फ्रीज आणला. चाळीतला पहिला. पोटाला गोल, दाराला मोठी चकचकीत मूठ, उघडताना खट् असा आवाज. इनास तेव्हा नववीत होता. त्या आवाजासाठी तो दिवसातून कितीतरी वेळा दार उघडायचा आणि मार खायचा. सगळी चाळ बघायला आली. गिरजाबाईंनी फ्रीजला हळदकुंकू लावलं, आणि मायनं ते पुसलं नाही. काही दिवस पोरांना बर्फ वाटण्यात गेले. आणि एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना भिंतीपलीकडून गिरजाबाई पाट्यावर काहीतरी वाटत असल्याचा आवाज आला. मायचा घास हातातच राहिला. उरलेलं कालवण तिनं त्या दिवशी आत ठेवलं होतं, उद्या होईल म्हणून. आदल्या दिवशीही ठेवलं होतं, त्याच्याही आदल्या दिवशी. गिरजाबाई काही बोलल्या नव्हत्या, बोलणाऱ्या नव्हत्याच. ताट आलं नव्हतं म्हणून त्या आपल्या चटणी वाटत होत्या. माय पापांना एवढंच म्हणाली, "ऐकलंत?" पापांना काय ऐकायचं ते कळलं नाही. इनासलाही तेव्हा कळलं नव्हतं. पण पाट्यावरच्या वरवंट्याचा तो घसर-घसर आवाज त्याच्या कानात राहून गेला, आणि पुढे कितीतरी वर्षांनी, स्वतःच्या घरात, कुठलंतरी झाकण लावताना तो आठवायचा.

रोह्याला तेव्हा चर्च नव्हतं. महिन्यातून एकदा फादर साल्वादोर एसटीनं यायचे आणि कॉलनीतल्या एका खोलीत मिस्सा व्हायची. त्या महिन्यात माय त्यांना मुद्दाम घरी घेऊन आली. फ्रीजसमोर उभं करून म्हणाली, "फादर, हे घरात ठेवणं पाप आहे का?" पापा शरमेनं दारात जाऊन उभे राहिले. फादर साल्वादोर जाडे, हसरे, झग्याला एसटीची धूळ. ते आधी खूप हसले आणि म्हणाले, "यंत्राला कसलं पाप बाई? आधी थंडगार पाणी दे." दोन पेले रिचवून ते खुर्चीत टेकले आणि मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "हे सुख चांगलं आहे," ते म्हणाले. "देवानं माणसाला डोकं दिलं, त्यानं केलं. पण पेटी भरली की दार लावून घ्यावंसं वाटतं ना, तिथं जरा थांबत जा. आज कुणाला लागत होतं का, एवढं विचार आणि मग लाव." माय मान हलवत राहिली. तिला याहून कडक काहीतरी हवं होतं, असं इनासला वाटलं. त्यानंतर त्या फ्रीजमध्ये पाणी असायचं, बर्फ असायचा आणि गिरजाबाईंच्या सासूची इंजेक्शनं असायची. कालवण पुन्हा गेलं नाही. पापा वैतागायचे, "एवढा आणला तो पाण्याला?" पण रात्रपाळीहून आले की पहिला तांब्या तेच काढायचे.

नदीचा वास त्याच सुमारास बदलला. कुंडलिकेच्या काठाला एका सकाळी बोयटं, नदीतली मासळी, पोटं वर करून लागली होती, पांढरी पांढरी, कुणी चुना सांडावा तशी, आणि बघायला जमलेल्या बायका पदर नाकाला लावून उभ्या होत्या. पापांच्या कंपनीचं पाणी त्याच नदीत जायचं. माय टोपली रिकामी घेऊन आली, फ्रीजच्या मुठीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "पेटी आली तेव्हा मासे होते. आता ठेवायचं तरी काय हिच्यात?" ती भांडायला म्हणाली नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. पापा खाकी कपडे घालून शिफ्टला गेले, आणि पुढे इनासनंही डोलवीच्या कारखान्यात सगळी नोकरी काढली. महिन्याचा पगार यायचा, घरात एकेक वस्तू यायची, आणि बाहेर काहीतरी एकेक जायचं. इतकं सावकाश जायचं की गेलं कधी ते सांगता येऊ नये. निवृत्त झाल्यावर पेणला हा फ्लॅट घेतला तेव्हा त्यानं दोन दारांचा, डोक्याएवढा उंच फ्रीज आणला. जुस्तीन म्हणाली, "दोघांना एवढं कपाट कशाला?" पण त्याला तो भरलेला बघायला आवडायचं. दार उघडावं आणि आत रांगेनं डबे असावेत, उद्याचं, परवाचं. आपलं कुणावाचून अडत नाही असं काहीतरी त्यात होतं.

त्यानं दुरुस्ती करणाऱ्या दत्तात्रेयला फोन लावला. "काका, कंप्रेसर गेला असणार," तो म्हणाला. "मी आज निडीला अडकलोय, उद्या बघतो. तोवर वरच्या कप्प्यातलं कुणाकडे तरी ठेवा. या उकाड्यात संध्याकाळपर्यंत पाणी होईल." इनासनं डबा बाहेर काढला. तो हाताला चटका बसावा इतका गार होता. त्यानं तो टॉवेलात गुंडाळला आणि छातीशी धरला. समोरच्या दाराची बेल वाजवताना त्याच्या लक्षात आलं की या दारात आपण आजवर उभेच राहिलो नाही. कमळाकर म्हणून कुणी बँकेतला तरुण तिथं राहायचा, जिन्यात भेटला तर मान हलवायचा. दार त्यानंच उघडलं, आतून एसीचा गार झोत आला. "काका, या ना," म्हणत त्यानं अगत्यानं फ्रीजर उघडून दाखवला. मटारच्या पिशव्या, आइस्क्रीमचे डबे, तयार पराठे, एकावर एक चेपून बसवलेले. त्यानं एक पिशवी काढून पाहिली, दुसरी आडवी केली, शेवटी ओशाळून म्हणाला, "जागाच नाही हो. हे काय काय आहे ते आम्हालाही माहीत नाही." मग इनासचा डबा बघून, "काय आहे? फार महत्त्वाचं आहे का?" इनास म्हणाला, "नाही, कालवण आहे थोडं." वरच्या मजल्यावर कुलूप होतं. दुसऱ्या दारात एका बाईंनी आतूनच विचारलं, मासळी का, आणि आमच्याकडे चालत नाही म्हणून सांगितलं. तो जिना उतरू लागला, कुठे जायचं ते न ठरवता. टॉवेल ओला झाला होता. पाण्याचा एक थेंब मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, आणि त्याला वाटलं, आता हे थांबवता येणार नाही.

खालच्या मजल्यावर, गाड्या लावतात त्याच्यामागे एक खोली होती. तिथं ठमाबाई राहायची. खाडीपट्ट्यातली म्हातारी, उभा जन्म मिठागरात गेलेला. मुलगा रघू डोलवीला ठेकेदाराकडे कामाला. इनासला ती माहीत होती ती एवढीच की येताजाता पायरीवर बसलेली असायची. आताही ती बसलेली होती. त्याच्या हातातलं बोचकं बघून म्हणाली, "काय झाला हो दादा? डबा घेऊन कुठं चाललाव?"

"फ्रीज बंद पडला," इनास म्हणाला. "कालवण आहे. ठेवायला जागा बघतोय."

"कनचा कालवण?"

"जिताड्याचं." आणि मग त्याला राहवलं नाही. "आमच्या मंडळींनी केलेलं. जानेवारीतलं."

ठमाबाईनं पदराला हात पुसले. तिनं हात पुढे केला, डबा घेतला, झाकण उघडलं. इनासनं इतके महिने न उघडलेलं झाकण तिनं सहज, दुधाचं भांडं उघडावं तसं उघडलं. कडेला रस सुटला होता, मध्ये बर्फाचा लालसर गोळा होता. तिनं वास घेतला. "चांगला हाय," ती म्हणाली. "त्यो जिताडा माझे भावाचे तलावातला. मीच दिलेला वर. ह्या कालवण मी खाल्लाय."

इनासला नीट कळलं नाही. "हे? हे कसं खाल्लं?"

"त्याच दुपारी. आर्धा कालवण ती खाली घेऊन आली ना." ठमाबाईनं पायरीवरची जागा हातानं दाखवली. "हितं बसली. चपला काढून पाय लादीवर ठेवलान. मना बोलली, लादी किती गार हाय गो. मंग बराच वेळ बसली."

"त्याच दिवशी?"

"नेहमीच आणायची दादा. काय केला का आर्धा खाली. तुमी दुपारचे झोपायचाव ना." ती हसली, पुढचे दोन दात नसलेलं हसू. "मना बोलायची, ह्यांना सांगू नकोस गो, ह्यांना भरलेला फ्रीज बघायला आवडतो."

इनास पायरीवर बसला. लादी खरंच गार होती, चपलेतूनसुद्धा जाणवली. इतके महिने तो समजत होता की जुस्तीनच्या शेवटच्या दिवसातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे, सगळं आपल्याजवळ आहे. आणि त्याला माहीत नसलेली एक अख्खी दुपार या बाईकडे होती. कितीतरी दुपारी होत्या. तो वर झोपलेला असायचा, आणि जुस्तीन वाटी झाकून जिना उतरायची, मायसारखी. मायला तर तिनं फार थोडं पाहिलं होतं, लग्नानंतरची दोनच वर्षं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला राग यावा असं वाटलं, पण राग आला नाही.

"आता काय करताव?" ठमाबाईनं विचारलं. "परत गोठवून नाय चालायचा. आज खाल्ला तर खाल्ला, उद्या टाकायलाच लागंल."

ती त्याच्या उत्तरासाठी थांबली नाही. डबा घेऊन आत गेली, स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं त्या एका खोलीतून कोकमाचा, लसणीचा, नारळाचा वास बाहेर येऊ लागला. इनासनं डोळे मिटले. हा वास चार भिंतींत पुन्हा येईल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि तो दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातून येत होता. ठमाबाईनं आतून हाक मारली तेव्हा तो चपला काढून आत गेला. जमिनीवर पोतं अंथरलेलं, दोन ताटल्या, तांदळाची भाकरी, उरलेला भात. रघूसाठी तिनं एका वाटीत काढून वर झाकण ठेवलं होतं. तो शिफ्टवरून येईलच म्हणाली. इनासनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला. जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच ती मृतांसाठीची प्रार्थना झाली. ठमाबाई घास न घेता थांबून राहिली. त्याचं संपल्यावर तिनंही कपाळाला हात लावला.

मासा मऊ पडला होता, नारळ फुटून कणकण झाला होता. पहिला घास त्यानं जिभेवर बराच वेळ ठेवला आणि जुस्तीनला शोधलं. ती नव्हती. होती ती फक्त एक जुनी चव, थकलेली, बर्फाचा वास लागलेली. त्यानं आठवायचा प्रयत्न केला, त्या रात्री हे कसं लागलं होतं? आणि त्याला आठवेना. टीव्ही चालू होता. तो जेवला होता आणि हात धुतला होता, एवढंच.

"त्या दिवशी कसं झालं होतं हो?" त्यानं विचारलं.

ठमाबाईनं घास गिळला. "खरा सांगू? खारट झाला होता."

"खारट?"

"मीठ मीच दिलेला, आगराचा, खडा. अंदाज नाय आला तिला. हितं बसून चाखला, आन् कपाळाला हात मारलान. मी बोलली, आता दादा बोलतील. तर बोलली कशी, काय नाय बोलायचे, त्यांचा ध्यान टीव्हीत असतो. आन् मंग आमी दोघी हसत बसलाव, इतक्या, का तिच्या डोळ्यांना पाणी आला."

इनासनं दुसरा घास घेतला. तो खारटपणा अजून तिथं होता, गार होऊन, वितळून, पुन्हा तापूनही. घशाशी येऊन टोचणारा. बाकी सगळं उडून गेलं होतं, पण ही चूक जशीच्या तशी होती. तो हसला. हसताना त्याला ठसका लागला, ठमाबाईनं पाण्याचा पेला पुढे सरकवला, आणि त्या ठसक्यातच त्याच्या डोळ्यांतून इतके महिने न आलेलं पाणी घळाघळा वाहू लागलं. त्यानं ते पुसलं नाही. दाराबाहेर संध्याकाळची पहिली मोटारसायकल येऊन थांबली, कुणीतरी जिना चढून गेलं. ठमाबाई डाव उचलून थांबली होती.

"अजून काय काय बोलायची?" इनासनं विचारलं, आणि ताटली पुढे केली.